कमला मिलचे ‘कॅन्टीन’ आणि आमचे ताट

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या चळवळीतल्या तरुण मित्रांमध्ये एक वाद धुमसतो आहे. पहिला पगार झाला, बढती मिळाली, लग्नाचा वाढदिवस आला की नोकरदार मुले-मुली एखाद्या नामांकित शेफच्या हॉटेलात जेवायला जातात आणि फोटो टाकतात. त्यावर लगेच कोणी वडीलधारा कार्यकर्ता लिहितो, ‘या एका जेवणाच्या पैशात वस्तीतल्या चार पोरांची वह्या-पुस्तके आली असती.’ त्यावर पोरांचे उत्तर तयार असते, ‘बाबासाहेब सुटाबुटात राहिले, मग आम्ही काय जन्मभर वडापावच खायचा का?’ दोन्ही बाजू बाबासाहेबांचे नाव घेतात आणि दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देतात. मोघम बोलून हा वाद मिटणार नाही, म्हणून आम्ही एकच हॉटेल समोर ठेवून लिहितो आहोत.

ते हॉटेल म्हणजे लोअर परळच्या कमला मिलमधले ‘द बॉम्बे कॅन्टीन’. २०१५ साली सुरू झाले. त्यामागचे मोठे नाव म्हणजे शेफ फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या ख्रिस्ती घरातला हा माणूस न्यूयॉर्कला गेला, १९९८ साली तिथल्या ‘तबला’ या हॉटेलाचा शेफ झाला आणि भारतीय मसाल्यांना तिथल्या उंची टेबलावर जागा मिळवून दिली. २०११ साली अमेरिकेतली टीव्हीवरची ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही स्पर्धा त्यांनी जिंकली, ती उपम्याच्या जोरावर! २५ मार्च २०२० रोजी कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यानंतरही हॉटेल जोरात चालू आहे. या माणसाविषयी आमच्या मनात आकस नाही. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत ‘चांगले जेवण’ म्हणजे फ्रेंच आणि इटालियन असे समीकरण पक्के होते. त्या काळात हंगामी भाज्या, इथलीच धान्ये, इथलेच मासे घेऊन मेन्यू बांधणे हे धाडसाचे काम होते. ते त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तिथली चव चांगली आहे असे जाणकार सांगतात, आम्हीही ते नाकारत नाही. आमचा हिशेब वेगळ्या वहीत आहे.

आधी ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांशी बोलू.

दादा, हॉटेलचे दार हा आपल्या समाजासाठी कधीच चैनीचा विषय नव्हता. या राज्यातल्या गावागावांत आपल्या माणसाचा कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. चहा वरून ओतायचा, पैसे खाली ठेवायचे, कप आपणच विसळून परत टांगायचा. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. मग संविधानाच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग भाषणात का येत नाही? दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. जगातल्या किती संविधानांना आपल्या मूलभूत हक्कांत हॉटेलचा उल्लेख करावा लागला असेल? आपल्याला करावा लागला, कारण आपल्या देशात देवळाइतकेच हॉटेलही सोवळे होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, त्यात न्हाव्याचे, धोब्याचे दुकान येते का, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, मागेल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. म्हणजे कमला मिलच्या त्या काचेच्या दारातून आत जाण्याचा हक्क आपल्याला कोणा शेफच्या उदारपणामुळे मिळालेला नाही. तो कमावलेला आहे. तो वापरणाऱ्या पोरीला खर्चावरून टोमणे मारू नका.

शिवाय गरिबीला पावित्र्य चिकटवणे हा आपला विचार नव्हे. साधे खा, सूत काता, गावात राहा, हे तत्त्वज्ञान कोणाचे होते आणि १९४५ साली काँग्रेस व गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची कशी चिरफाड केली, हे ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. माणसाला पोटापलीकडचा वेळ मिळाला, फुरसत मिळाली, तरच संस्कृती उभी राहते, असे ते म्हणत होते. फुरसत फक्त मलबार हिलने भोगायची आणि आपण वह्या वाटत बसायचे, हा कुठला न्याय? (वह्याही वाटल्याच पाहिजेत. पण त्या वाटणाऱ्याने आयुष्यात एकदाही चांगले जेवू नये असे कुठे लिहिले आहे?)

आता तरुण मित्रांकडे वळू. तुम्ही ज्या जागेत बसून फोटो काढता त्या जागेचे नाव एकदा नीट वाचा. ‘कॅन्टीन’. पत्त्यात पुढे ‘प्रोसेस हाऊस, कमला मिल’ असे येते.

कॅन्टीन हा शब्द कामगारांचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन काढण्याची सक्ती मालकावर घातली. ही मालकाची मेहेरबानी नव्हती, कामगार चळवळीने रेटून मिळवलेली गोष्ट होती. आज गिरणीत कामगार नाही, कायद्यातले कॅन्टीन नाही, पण नाव तेवढे शिल्लक राहिले आहे आणि त्या नावाखाली दोघांच्या जेवणाचे काही हजार रुपये होतात. शब्दसुद्धा हलवता येतो, त्याला सातबारा नसतो.

आणि त्या गिरण्यांत तरी आपण कुठे होतो? मुंबईच्या कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात कांडी बदलताना, धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, ओला करावा लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगार तोंडात कसा घेणार! म्हणून जास्त पगाराचे विणकाम त्यांच्याकडे आणि कमी पगाराची खाती आपल्याकडे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना आपल्याच गिरणीतला हा भेद दिसत नव्हता. आपल्या माणसांना विणकामात घेण्याची मागणी त्यांनी यादीत घेतली खरी, पण नाराजीनेच. तोंड, थुंकी, उष्टे, विटाळ. गिरणगावात आपल्या आज्यांची भाकरी याच शब्दांनी अडवली होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव जे मोडले ते पुन्हा सावरले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. २००१ साली त्यात असा बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, इमारतींखालच्या जमिनीची नाही. तेवढ्या एका बदलाने गिरणगावाच्या वाट्याची जमीन आटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. त्याच जमिनींवर आज काचेची ऑफिसे, पब आणि हॉटेले आहेत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री याच कमला मिलच्या आवारात एका पबला आग लागली आणि १४ जीव गेले. ती आग या हॉटेलातली नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण गिरणीच्या आवारांत खाण्यापिण्याचा धंदा किती घाईने आणि किती बेफिकिरीने कोंबला गेला, हे त्या रात्री सगळ्या मुंबईने पाहिले.

हे सगळे एका हॉटेलच्या माथी मारायचे का, असे कोणी विचारेल. नाही मारायचे. जमीन कार्डोझ यांनी लाटली नाही, संपही त्यांनी मोडला नाही. आमचा मुद्दा एवढाच की ‘बॉम्बे’ आणि ‘कॅन्टीन’ या दोन शब्दांना जो जुना, आपुलकीचा वास आहे तो विकला जातो तेव्हा त्यातला कामगार बाजूला काढून ठेवलेला असतो. आणि कामगार बाजूला काढला तरी त्याच्याही बाजूला, आधीच काढलेला, एक माणूस उभा होता.

आता ताटाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

या हॉटेलाच्या मेन्यूतला एक गाजलेला पदार्थ म्हणजे ‘केजरीवाल’. टोस्टवर अंडे, चीज आणि हिरवी मिरची. याची कथा मुंबईत सगळे आवडीने सांगतात. विलिंग्डन क्लबात केजरीवाल नावाचे एक सदस्य होते, घरी कडक शाकाहार, म्हणून ते क्लबात येऊन हे अंडे खात, आणि पुढे पदार्थालाच त्यांचे नाव पडले. कथेत खरे किती आणि रंगवलेले किती, हे सोडा. एक माणूस घरच्यांपासून लपून अंडे खातो आणि त्याचे आडनाव पदार्थाला लागून न्यूयॉर्कपर्यंत जाते! क्लबाचे सभासदत्व असेल तर चोरून खाल्लेल्या अंड्यालाही इतिहास मिळतो. इकडे आपल्या राज्यात शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याचे एक अंडे सुरू झाले तर त्याविरुद्ध आरडाओरड झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधीच बंद केला. हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. हातरुमालाएवढ्या टोस्टवरचे अंडे ‘वारसा’ ठरते आणि झेडपीच्या शाळेतल्या पोराच्या थाळीतले अंडे ‘भावना दुखावते’.

नाव कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. शहरात खाद्यमहोत्सव होतात. सीकेपी खाद्यमहोत्सव, सारस्वत जेवण, पाठारे प्रभूंची पाककला, ब्राह्मणी पद्धतीचे पान. जातीचे नाव तिथे अभिमानाने फलकावर येते, कोणाला त्यात जातीयवाद दिसत नाही. ‘महार-मांगांचे जेवण’ असा फलक कुठल्या तारांकित हॉटेलने लावलेला तुम्ही पाहिला आहे का? त्यांची जात ही चव, आणि आपली जात ही वाद! सेलिब्रिटी शेफ मुलाखतीत हटकून म्हणतो, ‘ही माझ्या आजीची पाककृती.’ आजी सगळ्यांनाच असते हो. पण कोणाच्या आजीचे हस्ताक्षर वहीत उतरले आणि कोणाच्या आजीला अक्षरच शिकू दिले नाही, हे विचारायला नको का?

मराठी घराघरांत गेलेले पाकपुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’, १९७० चे. त्यानंतर १९९३ पासून टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ आला आणि शेफ हा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा घराघरांतला तारा झाला. या दोघांनीही लाखो घरांना स्वयंपाक शिकवला, ते श्रेय त्यांचे. पण त्यातून ‘महाराष्ट्रीय जेवण’ या शब्दाचा जो अर्थ पक्का झाला त्यात आपले ताट नव्हते. ते नोंदवायला २००९ साल उजाडले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका काढली आणि हे ताट भारतीय नाही काय, असा सरळ सवाल केला. मग २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. शीर्षकातच थप्पड आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते, काय सुकवले जात होते, तूप-दुधाशिवाय आणि थेंबभर तेलात चव कशी आणली जात होती, हे त्यांनी पाककृतींसह लिहून ठेवले. इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला तेव्हा कुठे इंग्रजी पेपरांना या पुस्तकाचा शोध लागला. मराठीत नऊ वर्षे ते आपल्याच लोकांच्या पिशव्यांतून फिरत होते. योगायोग बघा, ‘बॉम्बे कॅन्टीन’ आणि ‘अपूर्णब्रह्म’ एकाच सालचे.

म्हणजे आमची मागणी अशी आहे का, की रक्ती, वजडी, चान्या यांना शेफने चांदीच्या वाटीत वाढावे? इथे घाई करू नका. आपल्यातलेच काही उत्साही मित्र हल्ली असे म्हणू लागले आहेत, आणि आम्हाला ते पटत नाही. आपल्या ताटातले बरेच काही आवडीने आलेले नव्हते. येसकराची भाकरी दारोदार मागून आणलेली होती. मेलेल्या जनावराचे मांस हे लादलेल्या कामाबरोबर आलेले होते, आणि ते सोडा, उष्टे-शिळे सोडा, असे महाडच्या परिषदेत १९२७ साली ठरले. आपल्या बायांनी ते ठराव पाळले. उपाशी राहिल्या, पण पाळले. त्यामुळे त्या अन्नाचे गोडवे गाताना जीभ जरा आवरावी लागते. मात्र मृत मांस आणि वजडी-पाया यांत गल्लत नको. जनावराचे आतडे, खूर, डोके, रक्त वाया न घालवता शिजवणे हे कौशल्य आहे आणि त्याची लाज बाळगायचे कारण नाही.

लंडनमध्ये फर्गस हेंडरसन नावाच्या शेफने १९९४ साली ‘सेंट जॉन’ नावाचे हॉटेल काढले. ‘नाकापासून शेपटीपर्यंत’ सगळे जनावर खावे, काही फेकू नये, हे त्याचे तत्त्व. जगभरच्या शेफांनी त्याला गुरू मानले. जे करण्यासाठी आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले तेच करण्यासाठी त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. हेंडरसनचा त्यात दोष नाही. त्याच्यावर सक्ती नव्हती, म्हणून त्याचे ते तत्त्वज्ञान झाले. आपल्यावर सक्ती होती, म्हणून आपली ती जात झाली. आपल्याकडच्या शेफांनी हा विचार लंडनहून आयात केला, वेशीबाहेरून नाही. आणि महाराष्ट्रात तर २०१५ च्या मार्चपासून बैल-वळूच्या मांसावरही बंदी आली, म्हणजे पाटोळ्यांच्या पुस्तकातली काही पाने आता फक्त वाचायचीच!

भरडधान्यांचेही तेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि ज्वारी, नाचणी, वरई यांना एकदम ‘सुपरफूड’चे दिवस आले. सॅलडमध्ये ज्वारी, केकमध्ये नाचणी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना ज्यांनी सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाल्ली त्यांना विचारा धान्याची चव. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू, करटुली घेऊन दादरच्या बाजारात पहाटे येऊन बसणाऱ्या आदिवासी बायांशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि हीच भाजी काळ्या पाटीवर चार पानांच्या आकारात आली की ‘वाइल्ड’ म्हणून कौतुक करतो. हल्ली चांगल्या हॉटेलांत शेतकऱ्याचे नाव सांगण्याची पद्धत पडली आहे, ती चांगली आहे. पण शेतमजुराचे नाव अजून कुठल्या मेन्यूवर आलेले नाही, आणि आपली बहुसंख्य माणसे भूमिहीन आहेत.

एक गोष्ट मात्र या हॉटेलच्या बाजूने ठासून सांगितली पाहिजे. तिथे कार्डोझ होते, थॉमस झकारियास होते, आता हुसेन शहजाद आहेत. ख्रिस्ती आणि मुसलमान शेफांच्या हातचे अन्न मुंबईतले उच्चवर्णीय बोटे चाटून खातात. हे लहान नाही. कारण याच महाराष्ट्रात, २०१७ साली, पुण्यातल्या एका उच्चशिक्षित सरकारी अधिकारी बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईविरुद्ध पोलिसांत तक्रार केली होती. का, तर तिने जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला! आणि २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमधली टेबले फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. या पार्श्वभूमीवर ‘कोणी शिजवले’ हे न विचारता जेवणारी खोली म्हणजे दिलासाच.

पण बाबासाहेब इथेच थांबले नसते. ‘जातिनिर्मूलन’ हे १९३६ चे भाषण, जे त्यांना करूच दिले नाही, त्यात सहभोजनाचा हिशेब केलेला आहे. बऱ्याच जातींत एकत्र जेवण चालते, तरी जातीची भावना मरत नाही, असे त्यांनी बजावले होते. कमला मिलमधले जेवण हे बिलावर चाललेले सहभोजन आहे. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ तीन तास आपल्या पाठीला पाठ लावून जेवतो, वेटरच्या हातचे खातो, आणि घरी जाऊन सोसायटीत मांसाहारी भाडेकरू नको म्हणून सही करतो. यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. हॉटेलात जात विचारली जात नाही याचा अर्थ जात गेली असा नव्हे, तिथे ती विचारायची गरज पडत नाही एवढाच. दर आधीच चाळण लावतात.

स्वयंपाकघराच्या आत काय? कोपनहेगनच्या ‘नोमा’ला अनेकदा जगातले सर्वोत्तम हॉटेल ठरवले गेले. तिथे शिकाऊ पोरे वर्षानुवर्षे बिनपगारी राबत होती. २०२२ च्या अखेरीस त्यांना पगार द्यायला सुरुवात झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये मालक-शेफ रेने रेडझेपी यांनी हा सगळा कारभार परवडणारा नाही म्हणून नेहमीचे हॉटेल बंद करण्याची घोषणा केली. सेलिब्रिटी शेफचे नाव कोणाच्या फुकटच्या घामावर उभे असते, हे तेव्हा जगाला कळले. आपल्याकडे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ साली कारखान्यांना लागू झाली. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी आणले होते. आज महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही आठवड्याला ४८ तास हीच मर्यादा आहे, आणि हॉटेले त्यात येतात. ती किती स्वयंपाकघरांत पाळली जाते हे भांडी घासणाऱ्या मुलांना विचारा. वीर सावरकर मार्गावरची दादरची सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून आहे, अशा केंद्रीय संस्थांत राखीव जागा आहेत, आपली पोरे तिथून दरवर्षी शिकून बाहेर पडतात. ती जातात कुठे? आपली ओळख उघड सांगणारा एक तरी सेलिब्रिटी शेफ आठवून बघा. खाजगी क्षेत्रात आरक्षण का हवे, याचे उत्तर मागच्या दाराने कचऱ्याची पिंपे बाहेर नेणाऱ्याच्या आडनावात सापडेल.

तर मग जावे की न जावे?

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला परवडते त्याने खुशाल जावे. कर्ज काढून जाऊ नये, हप्त्यावर तर मुळीच जाऊ नये. जेवण जेवण म्हणून जेवावे, चांगले असेल तर चांगले म्हणावे. सेवा शुल्क सक्तीचे नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसे सांगितले आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, तेव्हा बिलात लावले असेल तर काढायला सांगावे आणि तेवढे पैसे वेटरच्या हातात द्यावेत. पण तिथे जाऊन आपल्याला काही प्रमाणपत्र मिळाले असे समजू नये. आपल्या जेवणाला त्यांच्या मेन्यूत जागा मिळाली की आपण माणसांत आलो, ही जी लाचारी काही लेखांतून डोकावू लागली आहे तिला आमचा विरोध आहे. त्यांनी वजडी वाढली काय आणि न वाढली काय, वजडीची किंमत त्यांनी ठरवायची नाही.

ती आपण ठरवायची आहे, आणि तिथे आपले पाय मागे पडतात. नागपूरच्या वस्त्यांत उपड्या मडक्यावर लांब रोटी थापणाऱ्या आपल्या बायांचे कसब पाहिले तर कुठलाही शेफ तोंडात बोट घालेल. हातभर ताणलेली, कागदासारखी पातळ रोटी त्या जाळ फुंकत तासन्‌तास काढतात. त्यांच्यावर आपल्यापैकी कितींनी लिहिले? कमला मिलच्या ताटाचे आठ फोटो टाकणारे आपण त्या बाईच्या हातगाडीचा पत्ता तरी टाकतो का? आपली पोरे बिर्याणीचे, मटण भाकरीचे हॉटेल काढतात तेव्हा पाटीवर गावाचे नाव लावतात, देवाचे लावतात, मालकाचे आडनाव मात्र लावत नाहीत. कारण माहीत आहे. आडनाव कळले तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, खेड्यात तर फारच खरी. त्या पोरांना आम्ही दोष देत नाही. पण ती भीती मोडायची तर आपल्याच गिऱ्हाइकाने आधी उभे राहावे लागते. शहरातल्या आपल्या नोकरदारांनी महिन्याला दोन जेवणे अशा हॉटेलांत केली, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना तिथे नेले, चवीवर चार ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या, वाईट असेल तर वाईटही लिहिले, तर पाटीवर आडनाव लावायची हिंमत एखादा तरी करील.

यासाठी आम्ही एक यादी करतो आहोत. आपल्या माणसांनी चालवलेली खाणावळ, हॉटेल, हातगाडी, डबा पोचवणारी बाई, जे तुम्ही स्वतः खाल्ले आहे तेच कळवा. चालवणाऱ्याची परवानगी असेल तरच नाव छापू. आईच्या, आजीच्या पाककृती पाठवल्या तर त्याही घेऊ, मात्र तिचे नाव, गाव आणि तो पदार्थ कोणत्या परिस्थितीत केला जाई हे लिहिल्याशिवाय नाही.

आणि हो, पुढच्या महिन्यात आमच्यापैकी चौघे कमला मिलमध्ये जेवायला जाणार आहेत. पैसे प्रत्येकाचे स्वतःचे. टेबल राखताना नाव विचारतात, तिथे आम्ही आडनावासकट पूर्ण नाव सांगणार आहोत.

जय भीम!